भीमबेटकाची शैलचित्रे : आदिमानवाच्या पाठास पूरक माहिती

आदिमानवाचा पाठ शिकविताना ‘तो शिकार करून राहत असे’ असे सांगितले की एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतो, “गुरुजी, हे कशावरून?” प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर मध्य प्रदेशात, भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरांवर, विंध्य पर्वताच्या पायथ्याकडील खडकांवर रंगविलेले आहे.

भीमबेटका म्हणजे भीमाची बैठक, अशी तेथील समजूत. आसपासच्या वस्त्यांना हे खडक पूर्वीपासून ठाऊक होते. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर यांनी आगगाडीतून जाताना ते पाहिले व पुढे रान तुडवीत जाऊन तेथील चित्रांचा शोध घेतला. वाकणकर स्वतः चित्रकार असल्यामुळे त्यांनी ती नुसती पाहिली नाहीत, त्यांच्या नकलाही काढल्या. २००३ मध्ये या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

येथील खडक वालुकाश्माचा. तो झिजून छपरासारखे पुढे आलेले आडोसे बनले आहेत. त्यांस शैलाश्रय म्हणतात. चित्रांत तांबडा व पांढरा हे रंग अधिक, हिरवा व पिवळा क्वचित. तांबडा रंग गेरूचा, म्हणजे लोहयुक्त मातीचा. तो उन्हाने सहसा विटत नाही, आणि वर छप्पर असल्याने पावसानेही धुऊन गेला नाही.

मात्र खरी मौज निराळीच आहे. जुने चित्र न पुसता त्याच्यावरच नवे काढण्याची तेथे रीत होती. काही ठिकाणी गवे, हरणे, हत्ती असे एकमेकांवर चढले आहेत की रेषा वेगळ्या करताना डोळे शिणावेत. जे चित्र दुसऱ्यास झाकते ते मागाहूनचे, हे उघड आहे. बहुतेक चित्रे मध्याश्मयुगातील मानली जातात. त्यांत धनुष्यबाण घेतलेले पायी शिकारी आणि फेर धरून नाचणारी माणसे दिसतात. तलवारी घेतलेले घोडेस्वार ऐतिहासिक काळातले, पुष्कळ नंतरचे. खडकावर सन लिहिलेला नाही, तरी क्रम वाचता येतो.

हे वर्गात सहज दाखविता येईल. फरशीच्या तुकड्यावर एका मुलाने गेरूने बैल काढावा. तो वाळल्यावर दुसऱ्याने त्याच्यावरच चुन्याने घोडा काढावा. मग बाहेर थांबविलेल्या तिसऱ्यास बोलावून आधीचे चित्र कोणते, ते विचारावे. नुसते उत्तर पुरे मानू नये. ‘कशावरून’ हेही त्यानेच सांगावे.

सहल नेल्यास एक पथ्य कटाक्षाने पाळावे. अंधूक चित्रावर पाणी शिंपडले की ते घटकाभर उठून दिसते, आणि वाटाडे किंवा हौशी प्रवासी तसे करतातही. पाणी वाळते, पण त्यातील क्षार खडकावर राहून पांढरट थर धरतो. हाताचा घाम व तेलही रंगास अपायकारक. कोळशाने वा खडूने लिहिलेले नाव तर जुन्या रेषा झाकते, आणि ते घासून काढू जाता खालचा गेरूही निघून येतो. यास्तव मुलांना वही-पेन्सिल द्यावी, चित्रापासून दोन हात दूर बसवावे, आणि जे दिसेल ते वहीतच उतरवून घ्यावे.