पुढचा भाग आहे का, काका?

मोरगावात मयूरेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं हार-नारळाचं दुकान आहे. दूर्वांच्या टोपल्यांमागं पुस्तकांचं एक कपाट ठेवलंय. ओळखीच्यांना पुस्तक घरी न्यायला देतो आणि परत घेताना ‘कसं वाटलं?’ एवढं विचारतो. या कपाटातून सगळ्यात जास्त फिरलेली पुस्तकं म्हणजे अमीश यांची शिवकथेची तीन पुस्तकं: ‘मेलुहाचे मृत्युंजय’, ‘नागांचे रहस्य’ आणि ‘वायुपुत्रांची शपथ’. मूळ इंग्रजीत ती २०१०, २०११ आणि २०१३ साली आली. त्यांच्यावरची मतं ऐकता ऐकता जे ध्यानात आलं, ते असं.

१. पहिल्या भागाला लोक दाद देतात, पुढच्या भागाशी भांडतात.

‘मेलुहा’ परत करणारा “भारी आहे, पुढचा द्या” म्हणतो आणि चालू लागतो. तोच माणूस दुसरा भाग परत आणतो तेव्हा पायरीवर बसकण मारतो. तोवर ती पात्रं त्याच्या घरातली झालेली असतात, आणि घरातल्या माणसाचं कुणी परस्पर ठरवलेलं खपत नाही. तक्रार न करता गपचूप पुस्तक ठेवून जाणाऱ्यानं बहुतेक ते अर्धवट सोडलेलं असतं.

२. गणपतीच्या गावात गणपतीवर लिहिणं सोपं नाही.

‘नागांचे रहस्य’मधला गणेश देव नाही. तो व्यंग घेऊन जन्मलेला, समाजानं टाकलेला माणूस आहे. सतीच्या पहिल्या लग्नाचा मुलगा, शिवाचा नव्हे. मावशी काली ही नागांची राणी, आणि हा तिचा उजवा हात. हे वाचून “आमचा देव असा कसा हो दाखवला?” म्हणत तावातावानं आलेले लोक मी पाहिलेत. त्यांचा राग मी हसण्यावारी नेत नाही. ज्या गावात दिवस ‘मोरया’नं उजाडतो, तिथं हा प्रश्न पडणारच.

त्याला उत्तर दिलं ते पुराणं ऐकण्यात हयात गेलेल्या एका आजोबांनी. गणेश पुराणात चार युगांचे चार गणपती आहेत, ते म्हणाले. कृतयुगातला महोत्कट सिंहावर, त्रेतायुगातला मयूरेश्वर मोरावर, द्वापरातला गजानन उंदरावर आणि कलियुगातला धूम्रकेतू घोड्यावर. सिंधू दैत्याला मारणारा तो मोरावरचा, म्हणजे आपला. “हातसुद्धा कुणाला दहा, कुणाला सहा, कुणाला चार, कुणाला दोन. पुराणानं एवढं चालवून घेतलं, मग ह्यानं आणखी एक रूप लिहिलं तर कुठं बिघडलं?” सगळ्यांना ते पटलं असं नाही. पण हिंस्र जनावरं चालून येतात तेव्हा लहानग्या कार्तिकला वाचवायला गणेश जिवावर उदार होतो, त्या प्रसंगापाशी रागावलेल्यांतलेही काही जण मऊ पडले. मला विचाराल तर अमीश यांच्या लेखणीतून उतरलेला सगळ्यात जिवंत माणूस हाच.

३. शेवट आधी कळला म्हणून आपल्याकडं कुणाचं बिनसत नाही.

शहरातली पोरं म्हणतात, “काका, शेवट सांगू नका हं!” इथं दक्षाच्या यज्ञात सतीनं देह टाकला हे लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं. त्यामुळं तिसऱ्या भागात सती मरणार हे वाचणाऱ्याला ठाऊकच असतं. ती कशी मरते, एवढंच बघायचं असतं. अमीश यांनी यज्ञकुंड बाजूला ठेवलं. त्यांची सती मारेकऱ्यांशी तलवारीनं लढता लढता पडते. शेजारी फुलं विकणाऱ्या मावशींनी पुस्तक परत देताना एवढंच सांगितलं, “पेटवून घेण्यापरीस हे बरं. पडली, पण वार करून पडली.” ह्याहून नेमकं परीक्षण माझ्या ऐकण्यात नाही.

नंतर शिव पाशुपतास्त्रानं मेलुहाची राजधानी देवगिरी भस्म करतो, त्यावर मात्र दोन तट पडले. बारामतीला कॉलेजात जाणारा एक पोरगा म्हणाला, “त्यानं राग आवरायला हवा होता.” हार निवडून घेणाऱ्या एका एसटी कंडक्टरनं मागं वळून न बघता विचारलं, “मग तिसरा डोळा कशाला असतो?”

४. ‘रटाळ’ म्हणणाऱ्याला आधी विचारावं, वाट किती पाहिली?

‘वायुपुत्रांची शपथ’मध्ये खलबतं फार, चर्चा फार, आणि शेवट मात्र उरकलेला, ही तक्रार खरी आहे. पण भाग येईल तसा वाचणाऱ्यांना आधीचा धागा सापडेना, तर तिन्ही एका दमात वाचणारे शेवटाच्या घाईवर चिडले. बाहेर तर वाचकांची याहून मोठी परीक्षा होते. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘व्हील ऑफ टाइम’ १९९० साली सुरू झाली. मधल्या भागांत कथा हलतच नाही म्हणून वाचक वैतागले, २००७ साली लेखकच गेले, आणि ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन भाग लिहून २०१३ साली चौदा भागांची ती मालिका पुरी केली. जॉर्ज मार्टिन यांच्या मालिकेचा पाचवा भाग २०११ साली आला. सहाव्यासाठी लोक अजून ताटकळलेत.

५. मत वयाचं असतं.

‘हॅरी पॉटर’च्या पाचव्या भागात हॅरी सारखा ओरडतो. पस्तिशीतल्यांना त्याचा कंटाळा येतो. दहावीतल्या मुलीला तो अगदी बरोबर वाटतो.

६. पुढचा भाग संपला की पहिला पुन्हा काढावा.

अष्टविनायकाची यात्रा मोरगावातून निघते आणि रिवाज पाळायचा तर आठ गणपती करून पुन्हा मोरगावलाच यावं लागतं. हल्ली गाड्या सोयीनं फिरतात ते सोडा. मालिकांचंही तसंच. तिसरा भाग वाचून ‘मेलुहा’ परत उघडलं की दीर्घायुष्य देणाऱ्या सोमरसाची ती कौतुकभरली वर्णनं वेगळीच वाटू लागतात. ज्याची एवढी वाखाणणी चालली होती, तेच दुष्टाईचं मूळ निघतं, हे आता आपल्याला कळलेलं असतं. तिसऱ्याला नाक मुरडणाऱ्यांतले बरेच जण असे माघारी फिरून नरमलेत.

७. माझं मत.

तिन्हींत दुसरा भाग सरस. नागांची राजधानी गोदावरीकाठच्या पंचवटीत निघते, आणि मेला म्हणून ज्याचा शोक केला तो शिवाचा मित्र बृहस्पती तिथं हयात सापडतो. असा शेवट वाचल्यावर पुढचा भाग मागायला न येणारा माणूस मी पाहिला नाही. तिसरा सतीसाठी वाचावा, शेवटाची घाई पदरात घ्यावी. आमची ‘वायुपुत्रांची शपथ’ सध्या बाहेर आहे. ज्यानं नेलीय त्यानं संकष्टीच्या आत आणून द्यावी, मागणारे थांबलेत.