खोली खाली करण्याचा दावा आणि वकिलाचा खर्च

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून धोबीतलावच्या स्मॉल कॉज कोर्टात हजरच न राहणं, ही भाडेकरूला सगळ्यात महाग पडणारी गोष्ट आहे. हजर न राहिल्यास एकतर्फी हुकूम होतो, आणि तो रद्द करून घ्यायला मूळ दाव्यापेक्षा जास्त धावपळ करावी लागते. गिरगाव, लालबाग, परळ, दादरमधल्या ज्या घरात समन्स येऊन पडलं आहे त्यांनी आधी हे समजून घ्यावं की कायद्याने मोफत वकील मिळतो. तो हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

हा हक्क १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातला. तो ९ नोव्हेंबर १९९५पासून अमलात आहे आणि भाडेकरूचा दावाही त्यात बसतो. न्यूयॉर्क शहराने २०१७मध्ये घर खाली करण्याच्या दाव्यांत गरीब भाडेकरूंना वकील देण्याचा खास कायदा केला. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नसला, तरी बाराव्या कलमातली यादी पुष्कळ मोठी आहे. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांच्या आत असलेल्यांना मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना तर उत्पन्नाची अटच नाही.

यातली स्त्रियांची तरतूद चाळीत फारच थोड्यांना ठाऊक असते. भाड्याची पावती सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर, तो माणूस गेलेला, मालक नाव बदलून देत नाही आणि दावा त्याच्या विधवेवर, अशी प्रकरणं नेहमीची. अशा वेळी मुलगा कमावता आहे का, हा प्रश्नच येत नाही. जिच्यावर दावा आहे ती स्त्री आहे, एवढं पुरतं. शिवाय १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार राहत्या घराच्या भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूपण मिळतं. पावतीवर आपलं नाव नाही म्हणून घाबरू नका. रेशनकार्ड, मतदार यादी, मुलांच्या शाळेचे दाखले, बेस्टची वीजबिलं गोळा करा.

आता खर्च. प्राधिकरणाने वकील दिला की त्याची फी, कोर्ट फी, समन्स-नोटिशीचा खर्च, सही-शिक्क्याच्या नकला, अपिलाची कागदपत्रं, भाषांतर यांपैकी काहीही तुमच्या खिशातून जात नाही. वकिलाने ‘वरचे थोडे’ मागितले तर देऊ नका; तसं मागणं नियमाविरुद्ध आहे आणि प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. अर्ज साध्या कागदावर चालतो. उत्पन्नाच्या निकषावर अर्ज करणाऱ्याला उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र किंवा दाखला लागेल. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. कुठे जायचं कळत नसेल तर १५१०० या मोफत क्रमांकावर विचारा. नियमाप्रमाणे अर्जावर ७ दिवसांत निर्णय व्हायला हवा, म्हणून अर्जाच्या प्रतीवर पोच आणि तारीख घ्याच.

मात्र थकलेलं भाडं प्राधिकरण भरत नाही. तो खर्च तुमचाच, आणि खोली वाचवण्यात वकिलाइतकंच त्याला महत्त्व आहे. थकबाकीसाठी मालकाला आधी लेखी मागणी करावी लागते आणि त्यानंतर ९० दिवस थांबल्याशिवाय त्या कारणावर दावा लावता येत नाही. या ९० दिवसांत भरलंत तर फक्त भाडं आणि कायदेशीर वाढ. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, पुढचं भाडं दर महिन्याला भरत राहिलं आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर खोली जात नाही. समजा भाडं महिना २०० रुपये आणि तीन वर्षांचं थकलं. मुद्दल ७,२०० रुपये, व्याज साधारण १,६००. म्हणजे ८,८०० रुपये आणि वर दाव्याचा खर्च. गिरगावातल्या खोलीपुढे ही रक्कम काहीच नाही, पण ९१व्या दिवशी तिचा हा उपयोग संपलेला असतो. मालक भाडं घेतच नसेल तर मनीऑर्डर करा आणि ‘घेण्यास नकार’ शेरा मारून परत आलेला कागद जपून ठेवा.

लेखी जबाबाची मुदत वेगळी आणि आखूड आहे: समन्सपासून ३० दिवस. कोर्टाने वाढवून दिली तर गोष्ट निराळी, पण त्या भरवशावर राहू नये. त्यामुळे मोफत वकिलाचा अर्ज समन्स हाती पडल्याच्या आठवड्यातच गेला पाहिजे. वकील नेमला जाईपर्यंत तारीख आली तर स्वतः उभं राहा आणि अर्जाची पोच दाखवून मुदत मागा.

काही दाव्यांत उत्तम वकीलही फार काही करू शकत नाही. कुटुंब विरारला किंवा डोंबिवलीला राहायला गेलं आणि खोलीला कुलूप, हे त्यातलं सर्वांत मोठं. दाव्याच्या आधी सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय खोली वापरात नसेल तर ती खाली करून मागता येते, आणि शून्य युनिटचं वीजबिल मालकाच्या बाजूने बोलतं. ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणाऱ्यांचं तर प्रकरणच निराळं. मुदत संपल्यावर त्यांना जुन्या भाडेकरूचं संरक्षण नाही. सक्षम प्राधिकाऱ्याचं समन्स आल्यावर ३० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते आणि जितके महिने जास्त राहाल त्यांची भरपाई ठरलेल्या रकमेच्या दुपटीने द्यावी लागते. या खर्चात विधी सेवा मदत करत नाही.

इमारत धोकादायक ठरून पाडली तर हक्कही गेला, असं सांगून सह्या घेतल्या जातात. ते खरं नाही. बांधकाम पाडलं म्हणून भाडेकरूपण संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये दिला आहे. लोकअदालतीत तडजोड करायला माझी हरकत नाही, तिथे कोर्ट फी लागत नाही. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून नवी खोली किती चौरस फुटांची, कधी मिळणार आणि तोवरचं भाडं कोण देणार, हे कागदावर आल्याशिवाय सही करू नका.

निकाल विरुद्ध गेला तर त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे ३० दिवसांत अपील करता येतं, आणि त्यासाठीही मोफत वकील मागता येतो. निकालाच्या दिवशीच नकलेसाठी अर्ज टाका. नकल मिळायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीत धरले जात नाहीत.