शेतकऱ्यांचा पक्ष आणि शेतकरी कोण?

नागरिकशास्त्रातील राजकीय पक्षांचा पाठ शिकविताना आम्ही वर्गात दोन प्रश्न विचारीत असतो. ज्यांचे आजोबा-पणजोबा शेतात राबले त्यांनी हात वर करावेत, हा पहिला. वर्गातील बहुतेक सर्व हात वर जातात. ज्यांच्या आजोबांच्या नावाचा सातबारा होता त्यांनीच आता हात वर ठेवावेत, हा दुसरा. पुष्कळ हात खाली येतात. जे वर राहतात त्यांत या परिसरातील जुन्या गावांची मुले असतात. खाली येणारे हात बहुधा भूमिहीन मजुरांच्या नातवंडांचे असतात. शेतकऱ्यांचा म्हणविणारा पक्ष या दोहोंपैकी कोणाचा, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालक यांच्यासह त्याचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

आमचा परिसरच या प्रश्नाचा धडा आहे. पावणे आज ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात वसलेले आहे. एके काळी खाडीकाठच्या या गावांचे जीवन भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर चालत असे. औद्योगिक वसाहतीसाठी आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोच्या नव्या शहरासाठी येथील जमिनी संपादित झाल्या. शेत गेले, गावठाण उरले.

कोकणातील कष्टकऱ्यांचा जमिनीसाठीचा झगडा त्याहून जुना आहे. अलिबाग तालुक्यातील चरी या गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील हे त्यांचे नेते होते. राबायचे कुळाने आणि पिकाचा मोठा वाटा न्यायचा खोत-सावकाराने, ही रीत मोडण्यासाठी आसपासच्या गावांतील कुळांनी जमीन कसणेच थांबविले. शेते पडीक राहिली. लोकांनी रानातला लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. हा संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३४ मध्ये चरीला येऊन या कुळांना पाठिंबा दिला. १९३९ च्या कूळकायद्यामागे या संपाचे मोठे बळ होते.

या संपाच्या काळातच, १९३६ मध्ये, बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. पक्षाच्या नावात जात नव्हती, श्रम होता. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई विधिमंडळात पोहोचताच, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, त्यांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यापाठोपाठ १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील व अन्य भागांतील हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावयास हवी. खोतीखाली भरडलेल्या कुळांत कुणबी होते, आगरी होते, महारही होते. त्या विधेयकाचा लाभ एका जातीपुरता नव्हता. तळ्याचे पाणी ज्या समाजाला नाकारले गेले, त्या समाजाच्या नेत्याने पाणी नाकारणाऱ्या गावांतील कुळांचीही बाजू घेतली. ते विधेयक तेव्हा संमत झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा पुढे १९४९ मध्ये झाला. परंतु शेतकऱ्यांच्या पक्षाची व्याख्या किती रुंद असू शकते, याचा वस्तुपाठ मात्र १९३७ मध्येच घालून दिला गेला होता.

केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी नेत्यांनी १९४७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाची उभारणी केली. काँग्रेस सामान्य शेतकऱ्यापासून दुरावली, या भावनेतून हा पक्ष जन्मला. काही वर्षांतच जेध्यांसह अनेक नेते काँग्रेसमध्ये परतले. तरीही रायगडात, सांगोल्यात व अन्य काही भागांत पक्षाची मुळे घट्ट राहिली. सांगोल्याचे गणपतराव देशमुख याच पक्षातर्फे अकरा वेळा आमदार झाले. आमच्या परिसरास अधिक जवळचे नाव म्हणजे जासई येथील दि. बा. पाटील. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध त्यांनी उभारलेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या बलिदानाचे फळ म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व. केवळ रोख मोबदला देऊन शेतकऱ्याला वाटेला लावता येणार नाही, हे त्यातून शासनाला मान्य करावे लागले.

हा विजय मोठा होता, हे निःसंशय. तरीही त्याचा हिशेब नीट पाहावा. साडेबारा टक्के कशाचे? संपादित जमिनीचे. ज्याच्या नावावर जमीन होती त्याला वाटा मिळाला. जो त्याच शेतात लावणी-कापणी करीत होता, त्याची जमीन शून्य. शून्याचे साडेबारा टक्के शून्यच. यात लढणाऱ्यांचा दोष नाही. पण मोजपट्टी सातबाऱ्याची असली की राबणारा हात मोजला जात नाही, हे यावरून कळते.

हा उरलेला हात कोणी मोजला? कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्यावी, ही त्यांची प्रमुख मागणी होती. दुसऱ्या सत्याग्रहात देशभर लाखो स्त्री-पुरुषांनी कारावास पत्करला. या पक्षाला कोणी शेतकऱ्यांचा पक्ष म्हणत नाही. आमच्या मते त्यास तसे म्हणावयास हवे; कारण ज्याला जमीन हवी आहे, तोही शेतकरीच.

१९८० पासून शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने शेतमालाच्या रास्त भावाचा प्रश्न ऐरणीवर आणला. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्षही काढला. भावाची मागणी न्याय्यच होती. पण विकण्यास माल ज्याच्यापाशी आहे, त्याचीच ती मुख्यत्वे होती. जमीन, मोबदला आणि भाव अशा तीन मागण्यांभोवती हे पक्ष फिरत आले. मागणी बदलली की 'शेतकरी' या शब्दाचा अर्थही बदलत गेला.

शेती आटली म्हणजे अशा पक्षांचे काय होते? नॉर्वेतील शेतकरी पक्षाने १९५९ मध्ये, तर फिनलंडमधील पक्षाने १९६५ मध्ये आपले नाव बदलून 'केंद्र पक्ष' असे केले. शेतकऱ्यांची संख्या घटत असता त्यांनी आपले वर्तुळ वाढविले. आपल्याकडे शेत सोडून आलेला माणूस कारखान्यात, नाक्यावर, बांधकामावर राबतो आहे. नव्वद वर्षांपूर्वी त्याच्यासाठी 'मजूर' हा शब्द पक्षाच्या नावात आला होता. शेतकरी आणि कामगार हे शब्द १९४७ मध्ये एका नावात जोडले गेले. नावे तेव्हाच रुंद होती. त्या नावांना साजेसे काम किती झाले, हे तपासणे मतदाराचे कर्तव्य आहे.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो, की कोणताही पक्ष शेतकऱ्यांचे नाव घेऊन दारी आला तर त्याचा झेंडा पाहण्याआधी त्याच्या यादीत कोण आहे ते पाहावे. मालक आहे काय? कूळ आहे काय? मजूर स्त्री आहे काय? खाडीवर जगणारा कोळी आहे काय?

स्वाध्यायासाठी तीन प्रश्न देऊन हा पाठ संपवितो. पालकांनी ते मुलांसह घरी चर्चिले तर आम्हांस आनंद होईल.

१. आपल्या घराण्यात शेवटचे शेत कोणी कसले, आणि ते कोणाच्या मालकीचे होते?

२. ते शेत सुटले तेव्हा घरात काय आले, आणि काय आले नाही?

३. त्या वेळी आपल्या बाजूने कोणता पक्ष उभा राहिला होता? कोणताच नसल्यास, तो का नव्हता?