नांगराची जुळणी

नांगर खोल शिरत नाहीं म्हणून मुठींवर अंगाचा भार देणारा नांगऱ्या आणि फार खोल शिरतो म्हणून मुठी उचलून धरणारा नांगऱ्या, असे दोघेही आपल्या शिवारांत दिसतात. दोघांचेही श्रम व्यर्थ होत. मूठ ही नांगर तासांत सांभाळण्याकरितां आहे. खोली ठरविण्याची जागा पुढें, बैलांची सांखळी नांगरास अडकते तेथें आहे. हें न जाणल्यामुळें चांगल्या नांगरासही 'जड' म्हणून नांवें ठेविलीं जातात आणि त्या चुकीचें प्रायश्चित्त बैलांच्या खांद्यांस भोगावें लागतें.

जुन्या लांकडी नांगरांत जुळणीची सोय नाहीं असें नव्हे. हळसाच्या बुडाशीं असलेली पाचर ठोकून किंवा सैल करून फाळाचा उतार बदलतां येतो. हळसाच्या पुढच्या खांचेंत जूं बांधलें म्हणजे नांगर खोल चालतो. मागच्या खांचेंत बांधलें म्हणजे उथळ. हें ज्ञान वडिलांकडून मुलाकडे आपोआप येत असे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं बेळगांव येथें लोखंडी नांगर काढला, त्या वेळीं लोखंडानें जमीन नासते अशी लोकांची समजूत होती. ती समजूत पुढें गेली. परंतु नव्या नांगराची जुळणी शिकविणारे वडील घरीं नव्हते, ही उणीव पुष्कळ ठिकाणीं तशीच राहिली.

आतां तत्त्व पाहूं. मातीचा सारा विरोध फाळ व पंख यांच्या सांध्याजवळ एका बिंदूंत एकवटला आहे असें समजावें. तेथून बैलांच्या खांद्यापर्यंत एक ताठ दोरी कल्पावी. सांखळी ज्या भोंकांत अडकविली असेल तें भोंक, नांगर चालूं लागतांच, या दोरीवर येऊं पाहतें. म्हणून सांखळी वरच्या भोंकांत घातली तर हळसाचें तोंड खालीं दबतें व फाळ खोल जातो. खालच्या भोंकांत घातली तर तोंड वर उचललें जाऊन तास उथळ होतें. सांखळी लांब केल्यानें खोली वाढते, आंखूड केल्यानें कमी होते. उंच बैल काढून ठेंगणे जुंपले कीं तोच नांगर अधिक खोल जाऊं लागतो, याचें कारणही हेंच.

रुंदीचा नियमही असाच आहे. उजवीकडे माती टाकणाऱ्या नांगरांत उजवा बैल तासांतून चालतो व डावा न नांगरलेल्या जमिनीवरून. सांखळी उजव्या भोंकांत सरकविली असतां नांगराचें तोंड डावीकडे वळून तो रुंद पट्टा कापतो. डावीकडे सरकविल्यास अरुंद. जूं फार लांब असेल तर ओढीचा मध्य डावीकडे जातो आणि नांगर हांवऱ्यासारखा जमीन घेऊं लागतो. अशा वेळीं मूठ पिरगळण्यापेक्षां सांखळी एक भोंक डावीकडे घ्यावी.

हळसाखालील चाक खोली एकसारखी राखण्यापुरतें आहे. तें जमिनीस हलकेंच टेकावें. सांखळी वर घेऊन आणि चाक खालीं दाबून खोली बसविणें म्हणजे एका हातानें ओढून दुसऱ्यानें अडविणें होय. ती ओढ बैल फुकट ओढतात.

एवढें करूनही नांगर वर उडत असेल तर फाळ पहावा. नांगर सपाट फळीवर ठेविला असतां फाळाचें टोंक व डाव्या बाजूच्या पट्टीची टांच फळीस टेकावी आणि मध्यें सुमारें एक अष्टमांश इंच फट दिसावी. टोंक झिजून ही फट गेली म्हणजे कोणतेंही भोंक कामास येत नाहीं. फाळ बदलावा किंवा लोहाराकडून टोंक काढून घ्यावें.

काळ्या जमिनींत हरळी व कुंदा यांचा बंदोबस्त करावयाचा तर ही खटपट अवश्य आहे. रब्बी निघाल्यावर मुळ्यांच्या खालून फाळ गेला पाहिजे, म्हणजे उलटलेलीं ढेंकळें उन्हाळ्यांत वाळतात. अर्धवट खोलीवर मुळ्यांचे तुकडे मात्र होतात आणि प्रत्येक तुकड्याला पावसांत कोंब फुटतो. दरसाल एकाच खोलीवर नांगरल्यानें तासाच्या तळाशीं घट्ट थर बसतो, तोही फोडावा लागतो. मात्र एका जोडीकडून एकदम फार खोली मागूं नये; जोड्या वाढविल्या तर जुळणी पुन्हां तपासावी.

पुष्कळ घरीं नांगराचा पाना आढ्याला खोंचलेला असतो. तो शेतावर न्यावा. पहिलीं दोन तासें झाल्यावर सपाट जागीं मुठी क्षणभर सोडून पहाव्या. नांगर दहा-बारा पावलें आपण होऊन सरळ, एकाच खोलीवर गेला तर जुळणी बरोबर आहे. कलला, उडाला किंवा रुतला तर बैल थांबवून एकच भोंक बदलावें आणि पुन्हां पहावें. एकाच वेळीं दोन बदल केले तर कोणत्यानें गुण आला हें कळत नाहीं.