शुक्राणूंचे ऊर्जाकेंद्र आणि पुरुषाची जननक्षमता

मूल होत नाही म्हटले की दोष स्त्रीकडे देण्याची रीत जुनी आहे. पुरुषाची तपासणी उशिरा होते. झालीच, तर शुक्राणूंची संख्या व हालचाल पाहिली जाते. हालचाल मंद का, हे मात्र पुष्कळदा अनुत्तरितच राहते.

शुक्राणूच्या शेपटीच्या आरंभी तंतुकणिका, म्हणजेच मायटोकाँड्रिया, वेटोळे करून बसलेल्या असतात. ऊर्जा निर्माण करणाऱ्या या कणिकांचा डीएनए पेशीकेंद्रातील डीएनएहून वेगळा असतो. त्यात अवघी ३७ जनुके असतात. केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये त्याचा संपूर्ण क्रम उलगडला.

हा डीएनए अधिक, तर शुक्राणू अधिक जोमदार, असे कोणासही वाटेल. आढळते ते नेमके उलट. शुक्राणू परिपक्व होताना त्याच्या प्रती घटत जातात; त्या फार उरणे हे सदोष वाढीचे लक्षण मानले जाते. अमेरिकेतील मिशिगन व टेक्सास येथील दांपत्यांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या पुरुषांत या प्रती व त्यांतील तुटी अधिक होत्या, त्यांच्या पत्नींना गर्भधारणेस अधिक काळ लागला.

हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी २००३ मध्ये एका वंध्य पुरुषाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या शुक्राणूंच्या तंतुकणिकांत आढळलेले बिघाड त्याच्याच रक्तात नव्हते. अशा वेळी केवळ रक्ततपासणीवर विसंबून कसे चालेल? अपत्यास तंतुकणिका सहसा मातेकडूनच मिळतात. त्यामुळे पित्याच्या तंतुकणिकांतील हा दोष पुढील पिढीत सहसा उतरत नाही.