अजिंठ्याचा रेडा आणि पाठीवरचे माकड

विनोदी चित्र म्हटले की आपल्यापुढे वर्तमानपत्रातले व्यंगचित्र उभे राहते. जनावरांच्या आडून माणसाला चिमटे काढण्याची रीत छापखान्याबरोबर आली असावी, असे मलाही वाटे. सहलीत अजिंठ्याचे 17 क्रमांकाचे लेणे पाहिले आणि तो समज गेला.

हे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातले. त्यात महिष जातक रंगविले आहे. (जातके म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा.) आत उजेड कमी, रंग काळवंडलेले, चित्र ओळखायला वेळ लागतो. आपला भाग निजामी राज्यात असताना गुलाम यझदानी यांनी या चित्रांवरील ग्रंथाचे काम हाती घेतले. त्याचे चार भाग 1930 ते 1955 या काळात निघाले.

चित्रात माकड रेड्याच्या पाठीवर बसून दोन्ही हातांनी त्याचे डोळे झाकते आहे. वर्गात मागून येऊन "ओळख, कोण?" म्हणणारा व्रात्य पोरगा हुबेहूब असाच! चित्रकाराने जनावरांना माणसांचे कपडे चढविलेले नाहीत. माणूसपण आहे ते फक्त त्या दोन हातांत. माझे बालपण म्हशीच्या पाठीवर गेले, त्यामुळे मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली.

रेडा म्हणजे बोधिसत्त्व. वृक्षदेवता त्याला विचारते, "तू हे का सोसतोस?" तो सांगतो, हे माकड दुसऱ्या रेड्याशीही असेच वागेल, तो याला मारील, मग माझा त्रासही जाईल आणि हत्येचे पापही लागणार नाही. पुढे तसेच घडते.

सर म्हणाले, ही क्षमेची कथा. मला मात्र मोंढ्यातले वडील आठवले. एका आडत्याने मापात मारले, तेव्हा ते एवढेच बोलले, "जाऊ दे, त्यालाबी भेटंल कुनीतरी शेरास सव्वाशेर." हे तर त्या रेड्याचेच उत्तर! याला क्षमा म्हणावे, की आपले काम दुसऱ्याच्या शिंगावर टाकणे? चित्र पाहताना आपण आधी माकडाला हसतो. मग शांत उभ्या रेड्याकडेही जरा संशयाने पाहू लागतो.

घरी गेल्यावर वडिलांना सगळे सांगितले. त्यांनी म्हशीपुढे कडबा टाकता टाकता ऐकून घेतले आणि विचारले, "मंग त्या दुसऱ्या रेड्याचं काय झालं?"

कथेत ते सांगितलेले नाही.