ॲनिमेशन शिकायचंय? आधी पाया पक्का करा

ॲनिमेशन म्हणजे नुसतं कॉम्प्युटरचं काम, असं वाटतं ना? अहमदाबादच्या एनआयडीत बारावीनंतर बी.डेस. हा 4 वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यात ॲनिमेशन शिकता येतं. पण पहिलं वर्ष फाउंडेशनचं, म्हणजे पायाभरणीचं. चित्र काढणं, रंग, आकार, निरीक्षण यांचा सराव त्यात होतो. हे वर्ष वाया जातं असं समजू नका. सिनेमात एका सेकंदाला 24 फ्रेम असतात. आजी उठताना आधी गुडघ्यावर हात टेकते, हे ज्यानं पाहिलंच नाही, त्याची आजी पडद्यावर बाहुलीसारखी उठेल. कॉम्प्युटर रेघ ओढून देईल, बघायला मात्र आपणच शिकायचं. म्हणून महागड्या क्लासची फी भरण्याआधी एक कोरी वही घ्या. चालणारी माणसं, पळणारं मांजर रोज काढा. तुमचं फाउंडेशन आजच सुरू झालं!